हिरव्या ठिपक्याची राखण

ता. चामोर्शी
दिवाळी उलटून गेल्यावरचा सोमवार

प्रिय पुनम,

माझ्या हातचं पत्र पाहून आधी तू घाबरशील, म्हणून पहिल्या ओळीतच सांगते, घरी सगळे धड आहेत. धान कापायला आलं आहे, गाय व्यायला आली आहे आणि माझे गुडघे तू पाहून गेली होतीस तसेच आहेत. फोन करता आला असता. केलाही होता. पण फोनवर तू ‘हो आई, ठीक आहे आई, तुम्ही जेवल्या का आई’ म्हणतेस, मी ‘जेवली बाई’ म्हणते, आणि खरं बोलणं ओठाशी येईपर्यंत एक तर टावर जातो नाही तर माझा धीर जातो. कागद बरा. तो मधे बोलत नाही. अक्षर मात्र सांभाळून घे. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं पोरांच्या, प्रणित आणि दिव्यानीच्या पुस्तकांवर, चुलीपुढे बसून झालेलं. त्यामुळे कुठे पुस्तकासारखं होईल, कुठे आपल्या बोलण्यासारखं. तू गडचांदूरची पोर, तुला दोन्ही कळतं.

दिव्यानी दिवाळीला गडचिरोलीहून आली होती. तिनं सांगितलं की तू बंगळूरच्या ऑफिसात बदली मागितली आहेस, एकटीची, आणि महिना संपायच्या आत त्यांना पक्कं कळवायचं आहे. तू तिला असंही म्हणालीस की प्रणितला विचारण्यासारखं आता काही उरलं नाही. ते ऐकून मी रागावले नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित जरा लवकरच केलं असतं. तुला अडवायला मी बसले नाही. पण पोळ्यापासून या घरात जे चाललं होतं ते तुला कोणीच सांगितलं नाही, आणि ते न कळता तू काही ठरवलंस तर माझा घास गोड लागणार नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रणित पुण्याहून आला. म्हणाला, आठ दिवस राहतो, इथूनच काम करतो. पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी आणि वायरी जास्त. छपरीत माझं शिलाई मशीन आहे ना, त्याचं डोकं आत वळवून फळीवर त्यानं कॉम्प्युटर मांडला आणि झालं ऑफिस. सकाळी दहाला त्यांची ती उभ्याची बैठक. आमच्या ह्यांनी, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी, पहिल्याच दिवशी आंगणातून विचारलं, “उभं राहाची मिटिंग म्हणते अन् बसून काऊन राह्यला गा?” त्याचा माईक चालू होता. तिकडे कोण कोण हसलं म्हणतात. त्या बैठकीत प्रत्येकानं सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, आणि अडलं कुठे. मला ती पद्धत फार आवडली. मी रोज सकाळी शेण काढता काढता मनातल्या मनात सांगायला लागले. काल धानाच्या बांधीतलं निंदण केलं, आज लाखोळीची डाळ निवडायची, आणि अडलं ते गुडघ्यात.

तुला हे सगळं माहीत आहे, तूही त्याच कंपनीत तेच काम करतेस. पण चुलीकडून ते कसं दिसतं ते तुला कुठे ठाऊक असणार? एक अख्खा आठवडा त्यांचं एका बटणावर चाललं होतं. बटण निळं ठेवायचं की हिरवं. रोज बैठक, रोज वेगळी माणसं. शेवटी हिरवं ठरलं, आणि मग वरून कोणी आला आणि म्हणाला, आधीचं निळंच बरं होतं. हे म्हणाले, “अख्ख्या घराले चुना मारला आपण एवढ्या वेळात, अन् वरून पोळ्याचे बैल पन रंगवले.” प्रणित हसला नाही. तेव्हाच मला जरा खटकलं होतं. बापाच्या बोलण्याला तो हसत नाही असं लहानपणापासून कधी झालं नव्हतं.

मग वानरांचं झालं. आपल्याकडे ती नवी वायर आली आहे इंटरनेटची, वायरवाल्या श्रावणनं ओढलेली, खांबावरून चिचेच्या झाडाला आणि झाडावरून आपल्या छपराच्या कवेलूंवर. कोवळ्या चिचा धरायला लागल्या की वानरांची टोळी उतरते, हे वायर ओढणाऱ्याला कळायला हवं होतं. त्यांनी वायर झोपाळ्यासारखी धरली. प्रणितनं ऑफिसला खरं ते कळवलं. तिकडून विचारणा आली, किती वेळ लागेल? आता वानरांना कोण विचारणार? श्रावण झाडाखाली उभा राहून म्हणाला, “भाऊ, त्यांले सांगा, त्यांचा मुकादम अजून वर हाये.” आणखी एकदा बैठक चालू असताना जंगलखात्याची गाडी गावातून भोंगा लावून गेली, की वाघीण पिलांसह बोडीच्या पाण्याकडे फिरून राह्यली आहे, बांधीत एकट्यानं जाऊ नका. सगळं त्या बैठकीत ऐकू गेलं. मग एकानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी नंतर प्रणितला विचारलं, काय म्हणत होता तो? म्हणे, शुक्रवारच्या कामावर याचा काही परिणाम होईल का, असं विचारत होता.

त्या दिवशी मात्र तो हसला. इतका हसला की डोळ्यातून पाणी आलं, आणि पाणी थांबेना. मी पाठीवर हात ठेवला. हसणं केव्हा संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते त्यालाही कळलं नसेल. मी पेज दिली, त्यानं ती प्यायली.

पुढे हळूहळू एकेक कळत गेलं. त्याच्याबरोबरची निम्मी माणसं उन्हाळ्यात काढली, आणि त्यांचं काम उरलेल्यांच्या अंगावर आलं. आता ते प्रोग्राम लिहिण्याचं काम म्हणे यंत्रच करतं, यानं ते फक्त वाचून पाहायचं. मी म्हटलं, मग बरंच झालं की. तर म्हणाला, “आई, दिवसभर दुसऱ्याच्या लेकराचा शेंबूड पुसत बसतो मी. अन् सगळे मलेच सांगतात का ते लेकरू माह्यापेक्षा हुशार आहे.” लेकरानं काही सांडलं की बोलणी यालाच. शिवाय ती फोनची पाळी. तिकडे शहरात कोणाचं औषध मागवायचं बटण दाबलं जात नसेल तर इथे याचा फोन वाजणार, मग पाटावर बसलेला असो की अंगावर पाणी घेत असो. हे म्हणाले, म्हणजे जागलच झाली ती. धान निसवून लोंब्या आल्या की रानडुकरांपायी माणूस मचाणीवर जागलीला जातोच. पण धान घरी आलं की मचाण मोडतात. याचं मचाण कोणी मोडतच नव्हतं. आधी तिघांत पाळी होती, मग तो एकटा उरला.

गणपती बसले तोवर त्याचं अन्न कमी झालं होतं. कुकरची शिट्टी झाली की हात खिशाकडे जायचा. कोणाच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला तरी दचकायचा. सकाळी कॉम्प्युटर उघडून बसायचा आणि बोटं त्या बटणांवर तशीच ठेवलेली, एकही दाबायची नाहीत. मी दळण घेऊन गेले आणि आले तरी तसाच. विचारलं तर म्हणाला, “अक्षरं दिसून राह्यली आई, पन वाचता नाई येऊन राह्यली.” मग ह्यांनी त्याला चामोर्शीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, याला दुसरं काही नाही, हा माणूस थकून थकून रिकामा झाला आहे, याला झोप हवी आणि फोन नको. गोळ्या दिल्या. त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याचा फोन घेतला, बंद केला आणि तांदळाच्या ढोलीत खाली दाबून ठेवला. तुला त्यानं ऑफिसच्या त्या निरोपाच्या जागी लिहिलं, फोन बिघडला आहे, काही असेल तर इथेच लिही. ऑफिसलाही तेच कळवलं. बिघडला होता तो फोन नव्हता, पुनम.

तुला खरं काऊन सांगत नाही म्हणून मी त्याच्याशी भांडले. तर म्हणाला, तिच्यामागेही तेच काम आहे, तीही जागलीवरच आहे, तिच्या मचाणीवर मी कुठे चढू? आणि पुण्याहून निघताना तुमचं जे बोलणं झालं तेही त्यानं मला सांगितलं. तू म्हणाली होतीस की तू माणसांशी कमी आणि त्या काचेशी जास्त बोलतोस. ते त्याला लागलं होतं, कारण ते खरं होतं. त्याला वाटलं, जरा माणसात आलो की मग जाऊन बोलीन. पुरुषाची जात अशीच, फुटलेला घडा सांधून मगच विहिरीवर न्यायचा म्हणते, आणि तोवर घरात प्यायला पाणी नाही.

गोळ्यांनी झोप यायची ती दुपारी. जेवला की अंगातली सगळी गाठोडी सुटल्यासारखा पडायचा. मी म्हटलं, रीतसर सुट्टी टाक. तर उन्हाळ्यात जी माणसं काढली त्यात आजारपणाची सुट्टी घेतलेली दोघं पहिली होती म्हणे. खरं-खोटं तुम्ही जाणा. त्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. आणि त्याच्या झोपेच्या आड उभा होता तो हिरवा ठिपका. तुझ्याही नावापुढे असतो ना? माणूस कॉम्प्युटरपुढे असला की हिरवा, जरा हात थांबला की पिवळा. पिवळा दिसला की कोणीतरी विचारणार, कुठे आहेस? म्हणून तो झोपेतून दर थोड्या वेळानं उठायचा, तो कॉम्प्युटरचा उंदीर, माऊस म्हणता ना तुम्ही, तो हलवायचा आणि पुन्हा पडायचा. असली कुठे झोप असते का? उंदीर आपोआप हलवणारं काही मिळतं म्हणे, पण ते कंपनीला कळतं. मी विचारलं, हातानं हलवला तर कळतं का? म्हणाला, नाही, हात कळत नाही. मी म्हटलं, मग हात तर घरात भरपूर आहेत.

तर अशी मला या वयात नोकरी लागली. दुपारचं जेवण आवरलं की मी शिलाई मशीनच्या स्टुलावर जाऊन बसायची. उजवा हात उंदरावर, डाव्या हातानं सुपातली लाखोळी निवडायची, आणि जुन्या सवयीनं पाय खाली पायडलवर चालायचा. सुरुवातीला मी तो उंदीर जात्यासारखा गरगर फिरवायची. प्रणित म्हणाला, “आई, हळू, ऑफिसले वाटन का मले वेड लागलं.” मग मला त्याची लय सापडली. आंबील खाली लागू नये म्हणून आपण डाव फिरवतो ना, मधे मधे, फार नाही, पण विसरायचंही नाही, तसं. ह्यांनी बांधीवरून येऊन पाहिलं आणि दारातच थांबले. “काऊन वो, पगार चालू झाला का तुले?” मी म्हटलं, “पर्मनंट केलं मले. तुम्ही चपला वाजवू नका, साहेब झोपले आहेत.” तेव्हापासून ते दुपारी अनवाणी घरात यायचे. बैल हाकणारा माणूस, पाय उचलून टाकत बाजेजवळून जायचा. तू पाहायला हवं होतंस.

आणि तो झोपायचा, पुनम. तोंड उघडं टाकून, लहानपणी गोवराच्या तापात झोपायचा तसा. मला दुपारचं आडवं व्हायची सवय, कंबर बोलायची, डोळे मिटायला लागायचे. पण त्या ठिपक्याकडे पाहिलं की वाटायचं, हा हिरवा आहे तोवर माझ्या पोराला कोणी हाक मारणार नाही. धानाच्या लोंब्या पोसत असताना जसं बांधीत पाणी राखावं लागतं तसं मी ते हिरवं राखलं. नवरात्र गेलं, दसरा गेला. दसऱ्याला मी मशीनला हळदकुंकू लावलं तसं त्या उंदरालाही लावलं. हळूहळू त्याचं अन्न वाढलं. एक दिवस आपणहून म्हणाला, सुकी मासोळी कर. मला वाटलं, आपण जिंकलो.

आता पुढचं जरा जड आहे. मी मधे उठून गायीला चारा घालून आले.

मी उंदीर हलवत असताना त्या काचेच्या कोपऱ्यात निरोपाची छोटी खिडकी वर यायची. ऑफिसातली कोणकोण माणसं, गोल गोल फोटो. ती आपोआप जायची, म्हणून मी तिकडे पाहत नसे. पण कधी कधी त्या गोलात तुझा फोटो यायचा, तो हिरव्या साडीतला, मार्कंडादेवच्या जत्रेत काढलेला. तो दिसला की मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, पोरं बोलतात एकमेकांशी. इंग्रजी अक्षरं मी लावून लावून वाचते, तुझं मराठी त्या अक्षरांत लिहिलेलं मला वाचता आलं असतं. पण नवराबायकोचं बोलणं सासूनं वाचू नये, एवढी रीत मला आहे. माझ्या सासूबाई माझी माहेरची पत्रं आधी उघडायच्या, मला त्याची चीड होती. म्हणून तुझी खिडकी आली की मी तिच्यावर उंदीर नेऊन दाबायची, की ती उघडून आत जाऊन बसेल आणि प्रणित उठला की त्याला सापडेल. दाबायची, उघडली की कोपऱ्यातली फुली दाबून मिटायची, आणि तोंड वळवून आंगणात कोंबड्यांकडे पाहत बसायची. मला वाटायचं मी फार शहाणपणानं वागते आहे.

तो उठला की पहिल्यांदा तुझं नाव शोधायचा, हे मी पाहिलं आहे. नाव पाहायचा आणि बाकीची कामं उघडायचा. मला वाटायचं, वाचून झालं असेल, नवराबायकोचं काय ते त्यांना ठाऊक. दिवाळीत मी तुझ्यासाठी अनारसे वेगळे काढून ठेवले होते. हे दोनदा म्हणाले, सूनबाई गडचांदूरला आली असंल, तिकडून इकडे येईलच की. प्रणित सडकेवरच्या दुकानापर्यंत उगाचच जाऊन यायचा. भाऊबीज झाली. दिव्यानीनं त्याला ओवाळलं आणि मग एकदम चिडून बोलली, सगळ्यांसमोर. म्हणाली, “दादा, वैनीचं एक-एक वाचतो अन् उत्तर देत नाई, एवढा कसा रे तू?” तो म्हणाला, “कोनतं वाचलं? तिनं लिहिलं कुठी?” ती म्हणाली, वैनीला तिकडे दिसते ना, तिच्या प्रत्येक निरोपाखाली डोळा येतो, म्हणजे तू पाहिला.

डोळा! मी दिव्यानीला विचारलं, कोणता डोळा वो बाई? ती म्हणाली, निरोप उघडला की ज्यानं पाठवला त्याला तिकडे डोळा दिसतो. आणि एकदा उघडला की इकडे तो नवा राहत नाही, जुन्यांच्या ढिगात जातो. माझ्या हातात ओवाळणीचं ताट होतं, ते मी खाली ठेवलं. प्रणित कॉम्प्युटरपाशी गेला. मी त्याच्या मागे गेले नाही. त्यानं काय काय वाचलं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. दिवाळीतला एक होता, एवढंच म्हणाला. घ्यायला येशील का, असं तू विचारलं होतंस. ऐन दिवाळीच्या तोंडावर, एका दुपारी. मी तेव्हा कोंबड्यांकडे पाहत होते.

मी त्याला म्हटलं, आत्ता फोन काढ ढोलीतून आणि लाव तिला. त्यानं काढला, झटकला, तांदूळ गळाले त्यातून, आणि हातात धरून बसला. म्हणाला, “काय सांगू आई? का मी नाई वाचलं, माह्या मायनं वाचलं? कोन विश्वास ठेवन? अन् तिनं ठरवलं आता. इतके दिवस तिनं त्या डोळ्याकडे पाहून काढले, आता मी तोंड उघडलं तर तिले वाटन, जाते म्हणून आठवण आली.” मी खूप बोलले, हे बोलले. तो काही लावेना. पण दुसऱ्या दिवशी त्यानं एक केलं. ऑफिसला सगळं खरं लिहून कळवलं, डॉक्टरांचा कागद जोडला आणि कॉम्प्युटर मिटला. नोकरी राहील की जाईल ते देवाला माहीत. आता तो ह्यांच्याबरोबर बांधीवर जातो, विळा हातात धरतो आणि ह्यांच्या बोलण्यावर थोडा थोडा हसतो. मशीनवर मी तुझ्या ब्लाउजचं राहिलेलं शिवायला घेतलं आहे.

म्हणून हे मी लिहिते आहे, त्याला न विचारता. त्यानं सांगितलं तर बहाणा वाटेल. मी सांगितलं तर ती साक्ष होईल, कारण तो डोळा माझा होता, आणि तोही दुसरीकडे वळवलेला. तुला तिकडून कितीदा तरी ठिपका हिरवा दिसला असेल. तुला वाटलं असेल, हा बसला आहे, जागा आहे, ऑफिसला हजर आहे आणि माझ्यासाठी एक अक्षर नाही. तसं दिसायलाच मी तिथे बसले होते, ऑफिसला दिसावं म्हणून. तुलाही तेच दिसत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. बंगळूरचं काम चांगलं असेल तर जा, पोरी. तू शिकलेली, आपल्या पायावर उभी आहेस, मी जवसाची चटणी बांधून देईन आणि हे तुला बल्लारशाला गाडीत बसवून देतील. पण त्यानं तुझं वाचलं आणि सोडून दिलं, हे मनात घेऊन जाऊ नको. त्या सगळ्या दुपारी तो झोपला होता, पुनम. माझ्या मागे, हातभर अंतरावर, तोंड उघडं टाकून झोपला होता.

तुझीच,
आई
(वच्छला)